आठ सेकंदांचा विजय

२३ जुलै १९८९. तूर द फ्रान्स या सायकल शर्यतीचा अखेरचा टप्पा. व्हर्साय ते पॅरिस, साडेचोवीस किलोमीटर, लढत घड्याळाशी. अमेरिकेचा ग्रेग लेमाँड फ्रान्सच्या लोराँ फिन्याँपेक्षा ५० सेकंदांनी मागे होता.

दोनच वर्षांपूर्वी तो मरणाच्या दारातून परतला होता. एप्रिल १९८७मध्ये कॅलिफोर्नियात शिकारीला गेला असताना मेहुण्याच्या बंदुकीतले छर्रे चुकून त्याच्या पाठीत घुसले. फुप्फुस आकसले, रक्त भळाभळा वाहिले. तिसाहून अधिक छर्रे डॉक्टरांना काढताच आले नाहीत. काही तर हृदयाच्या आवरणात अडकलेले.

ते अंगात वागवतच, हँडलला जोडलेल्या लांब दांड्यांवर कोपरे टेकवून तो सुसाट सुटला. सरासरी वेग ताशी ५४.५ किलोमीटर! बिनहेल्मेटचा फिन्याँ, बैठकीवरच्या फोडाने बेजार, ५८ सेकंद मागे पडला.

पुढच्या वर्षी लेमाँडने तिसऱ्यांदा तूर जिंकली.