कोपऱ्यातली तारीख

पेडण्याच्या पुनवेची जुनी व्हिडिओ कॅसेट परवा संगणकावर उतरवली. कोपऱ्यात कॅमेऱ्याने छापलेली तारीख खुपत होती. ती पुसणारे सॉफ्टवेअर आता मिळते. तारखेखाली झाकलेला भाग मागच्या-पुढच्या चौकटींत उघडा दिसला, तर ते तिथून उचलते. नाहीतर अंदाजाने रंगवते. तारीख गेली आणि तिथे गर्दीतली माणसे उभी राहिली. ती खरेच पुनवेला आली होती का?

डिचोली तालुक्यात नार्व्याला सप्तकोटेश्वराच्या देवळावर शके १५९०, म्हणजे इ.स. १६६८ चा शिलालेख आहे. शिवाजी महाराजांच्या आज्ञेने देवालयाचे काम सुरू झाल्याचा दिवस त्यात कोरलेला आहे. म्हणून तो इतिहास आपण ठामपणे सांगतो.

पुसलेली प्रत मी काढून टाकली. तारखेची तेवढी ठेवली.