उष्टे, सोवळे आणि निर्जंतुक : दंतवैद्याच्या हातमोज्याचा इतिहास



मराठीच्या निवृत्त प्राध्यापकाने दंतवैद्याच्या दवाखान्यावर बोलावे, हे आपल्यापैकी काहींना चमत्कारिक वाटेल. परंतु माझे आयुष्य शब्दांच्या संगतीत गेले, आणि ‘उष्टे’, ‘विटाळ’, ‘सोवळे’ व ‘निर्जंतुक’ हे चार शब्द एकमेकांसमोर उभे ठाकावेत असे ठिकाण या दवाखान्याइतके दुसरे मला दिसत नाही. एकाच्या तोंडातली वस्तू दुसऱ्याच्या तोंडात जाऊ नये, हे आपल्या घरांतून पोराबाळांनाही वेगळे शिकवावे लागत नाही. तरीही दाढ उपटण्याचा चिमटा कित्येक शतके एका तोंडातून दुसऱ्या तोंडात बिनदिक्कत जात राहिला. पाण्याने धुतला, फडक्याने पुसला, की तो शुद्ध झाला! ‘शुद्ध’ आणि ‘निर्जंतुक’ यांतले अंतर माणसाला उमगण्यास किती काळ लागला, आणि उमगल्यावरही ते आचरणात येण्यास विलंब का झाला, याचा थोडा मागोवा घ्यावा असा आजचा विचार आहे.

सुश्रुतसंहितेत ‘दंतशंकू’ नावाचे उपकरण सांगितले आहे आणि जखमेला धुरी देण्याचा विधीही आहे. मात्र तेवढ्यावरून आपल्या पूर्वजांना जंतुशास्त्र अवगत होते असे म्हणणे हा अभिमानाचा अतिरेक होय. जंतू डोळ्यांना दिसावे लागले, आणि ते ज्या पहिल्या काही ठिकाणी दिसले त्यांत माणसाचे दात होते, ही मोठी मौजेची गोष्ट आहे. हॉलंडमधील डेल्फ्ट गावचा कापडव्यापारी अँटनी व्हॅन लेव्हेनहूक याने १६८३ साली स्वतःच्या दातांवरचा पांढरा मळ खरवडून पाण्यात कालवला आणि आपल्या भिंगाखाली धरला. त्यात वळवळणारे सूक्ष्म जीव पाहून त्याने लंडनच्या रॉयल सोसायटीला तसे पत्र धाडले. पुढे जवळजवळ दोनशे वर्षे ही केवळ एक नवलकथा राहिली. १८४७ मध्ये व्हिएन्नाच्या प्रसूतिगृहात सेमेलवाइसने डॉक्टरांना क्लोरिनच्या पाण्याने हात धुवायला लावले, तेव्हा बाळंतिणींचे मृत्यू झपाट्याने उतरले. परंतु आपले हात रोग वाहून नेतात हे ऐकणे त्याच्या व्यवसायबंधूंना मानवले नाही. पाश्चरच्या संशोधनाचा आधार घेऊन लिस्टरने १८६७ मध्ये कार्बोलिक आम्लाची पद्धत मांडली. त्यानंतर कॉखच्या पद्धती आत्मसात केलेला विलोबी मिलर हा अमेरिकन दंतवैद्य बर्लिनमध्ये मुखातील जंतूंच्या मागे लागला, आणि १८९० मध्ये त्याचा त्या विषयावरील ग्रंथ इंग्रजीत प्रसिद्ध झाला.

याच सुमारास पाश्चरचा सहकारी शार्ल शांबरलाँ याने दाबाखालील वाफेचे यंत्र सिद्ध केले. त्यालाच आपण ऑटोक्लेव्ह म्हणतो. उघड्या भांड्यातले पाणी शंभर अंशांवर उकळते आणि तेथेच थांबते. काही जंतूंची बीजाणुरूपे ही उकळी पचवून जिवंत राहतात. वाफ कोंडून दाब चढविला की तापमान १२१ अंशांवर जाते आणि ती बीजाणुरूपेही नष्ट होतात. आपल्या घरातला प्रेशर कुकर याच तत्त्वाचा धाकटा भाऊ. तत्त्व इतके सोपे असूनही दंतवैद्यांच्या दवाखान्यांत पाणी उकळण्याची पेटीच दीर्घकाळ पुरेशी मानली गेली.

आता हातमोज्याकडे वळू. त्याच्या जन्मकथेत या व्याख्यानाचे मर्म आहे असे मला वाटते. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातील शल्यविशारद विल्यम हॉल्स्टेड यांची मुख्य परिचारिका कॅरोलाइन हॅम्प्टन हिचे हात पाऱ्याच्या जंतुनाशक द्रावणाने सोलवटून निघत. १८८९-९० च्या हिवाळ्यात हॉल्स्टेडने गुडइयर रबर कंपनीकडून तिच्यासाठी पातळ रबरी हातमोजे करवून घेतले. पुढे त्या दोघांचा विवाह झाला, हा भाग रसिकांसाठी. इतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाचे हे की, हातमोजा प्रथम आला तो काम करणाऱ्या बाईच्या कातडीची कणव येऊन. रोग्याचेही त्याने रक्षण होते हे नंतर ध्यानी आले. खालच्या जबड्याच्या मज्जातंतूजवळ कोकेन टोचून दात बधिर करण्याचा प्रयोग १८८४-८५ च्या सुमारास करणारा हाच हॉल्स्टेड. म्हणजे दंतवैद्याची सुई आणि दंतवैद्याचा हातमोजा, दोन्ही धागे एकाच माणसापर्यंत जातात. सुई दंतवैद्यकाने लगेच उचलली. हातमोजा नित्याचा व्हायला मात्र सुमारे शंभर वर्षे जावी लागली. बोटांना जाणवले पाहिजे, मोजा मध्ये आला तर हात बोथट होतो, अशी या व्यवसायाची धारणा होती.

दरम्यान धोका वाढत होता. १९५७ मध्ये हवेच्या झोताने चालणारे, मिनिटाला तीन लाखांच्या आसपास फेरे घेणारे कोरणीयंत्र बाजारात आले. त्याने रोग्याच्या वेदना घटविल्या, आणि त्याच वेळी लाळ व रक्त यांचे सूक्ष्म तुषार दवाखान्याच्या हवेत उडू लागले. १९६५ मध्ये ब्लूमबर्गच्या संशोधनातून हिपॅटायटिस बी या काविळीच्या विषाणूचा माग लागला. रक्तातून पसरणारा हा रोग उघड्या हातांनी काम करणाऱ्या दंतवैद्यांनाच अधिक गाठतो, हेही कळून आले. १९८१ मध्ये त्यावर लस निघाली. इतके होऊनही बहुसंख्य हात उघडेच होते.

ते झाकले गेले एड्सच्या भयाने. १९८१ मध्ये अमेरिकेत या रोगाची पहिली नोंद झाली. भारतात १९८६ मध्ये मद्रासला विषाणूची लागण आढळली. फ्लॉरिडातील एका दंतवैद्याकडून त्याच्या रुग्ण तरुणीला हा विषाणू मिळाला असावा, ही बातमी १९९० मध्ये प्रसिद्ध झाली. पुढील तपासात अशा रुग्णांची संख्या सहावर गेली. संसर्ग नेमका कोणत्या वाटेने झाला हे अखेरपर्यंत निष्पन्न झाले नाही. आपल्याकडेही याच काळात ‘सुई डिस्पोजेबल आहे ना?’ हा प्रश्न सामान्य माणसाच्या तोंडी रुळला.

येथे थोडे गणित मांडतो. दूषित सुई टोचली तर एचआयव्हीची लागण होण्याचा संभव सुमारे ०.३ टक्के असतो. लस न घेतलेल्यास हिपॅटायटिस बी होण्याचा संभव ३० टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. म्हणजे शंभरपट अधिक सांसर्गिक रोगाने जे झाले नाही ते एड्सच्या नावाने झाले. माझ्या मते याचे कारण वैद्यकात नसून आपल्या मनात आहे. काविळीला कलंक नव्हता, एड्सला होता. भय रोगाचे कमी आणि विटाळाचे अधिक होते.

म्हणूनच १९८७ मध्ये अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने मांडलेले ‘सार्वत्रिक दक्षते’चे तत्त्व मला क्रांतिकारक वाटते. प्रत्येकाचे रक्त संसर्गजन्य आहे असे समजून वागा, रोगी कोण आहे हे पाहू नका, असे ते सांगते. सोवळे नेमके याच्या उलट चालते. ते आधी माणूस निवडते आणि मग अंतर ठरविते. त्या निवडीने या देशातल्या कोट्यवधी माणसांना विहिरीपासून आणि शाळेच्या पायरीपासून दूर ठेवले. एकच मोजा, एकच वाफ, सरपंचालाही आणि झाडूवाल्यालाही, ही आमच्या परंपरेला अपरिचित अशी स्वच्छता आहे.

अर्थात तत्त्व निघाले म्हणून माणसे लगेच बदलली नाहीत. अमेरिकेच्या मेन राज्यात १९९४ मध्ये एका दंतवैद्याने एचआयव्हीबाधित स्त्रीचा दात आपल्या दवाखान्यात भरण्याचे नाकारले. रुग्णालयात भरीन, तेथला खर्च तिने सोसावा, असे त्याचे म्हणणे. १९९८ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने, लक्षणे नसली तरी अशा व्यक्तीस भेदभावविरोधी कायद्याचे संरक्षण आहे, असा निवाडा दिला. आपल्याकडे असा भेदभाव निषिद्ध ठरविणारा कायदा २०१७ मध्ये संमत होऊन १० सप्टेंबर २०१८ पासून अमलात आला.

राहता राहिला प्रश्न टाकाऊ वस्तूंचा. सुई, मोजे, लाळ ओढण्याची नळी, पेला, छातीवरचा रुमाल, सारे एका रोग्यापुरते. २०२० च्या करोनासाथीत त्यात मुखपट्ट्या आणि अंगरख्यांची भर पडली. दवाखान्यातून निघालेले उष्टे कोणाच्या हाती पडते, हे पाहण्यास आपल्या देशाने १९९८ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांपर्यंत वेळ घेतला. २०१६ च्या सुधारित नियमांनुसार रक्ताळलेला कापूस पिवळ्या पिशवीत, मोजे व नळ्या लाल पिशवीत, सुया पांढऱ्या, न भोसकल्या जाणाऱ्या डब्यात आणि काच निळ्या खुणेच्या खोक्यात जाते. २०१७ पासून सलग सात वर्षे स्वच्छतेत देशात पहिल्या आलेल्या आपल्या इंदुरात कचरा वेगळा करण्याचे महत्त्व मी सांगायला नको. पण पांढऱ्या डब्याऐवजी साध्या पिशवीत पडलेली एक सुई पुढे कोणाच्या तळहातात शिरते, हे तो हात सोडून कोणालाच कळत नाही. त्याच नियमांत एक कलम आहे, ज्याची चर्चा फारशी होत नाही: दवाखान्यातील सेवकांना आणि हा कचरा हाताळणाऱ्या प्रत्येकाला हिपॅटायटिस बी व धनुर्वात यांवरील लस देणे दवाखानाचालकावर बंधनकारक आहे. या सभागृहात आमचे जे माजी विद्यार्थी दंतवैद्य होऊन बसले आहेत, त्यांनी उद्या सकाळी आपल्या दवाखान्यातली केर काढणारी बाई त्या यादीत आहे की नाही, एवढे पाहावे.