म्हातारीसाठी मराठी, आणि मग मराठीलाच कुलूप

मागच्या भागात आपण देवगिरीचं राज्य कसं गेलं ते बघितलं. १२९६ ला अलाउद्दीन खलजीची स्वारी, मग मलिक काफूर, आणि १३१८ ला यादवांचा शेवट. त्यावर बऱ्याच जणांचं म्हणणं आलं की राजे आणि लढाया झाल्या, आता त्या काळातली साधी माणसं काय करत होती ते सांग. तर आजचा भाग त्यांच्यावर. नेहमीप्रमाणे जे बोललो तेच थोडं नीट करून इथे टाकतोय.

सुरुवात घरापासून करतो. आमचं गाव भोकरदन तालुक्यात, जिल्हा जालना. आमची आजी महानुभाव पंथाची उपदेशी. घरी कोणी आलं की 'दंडवत प्रणाम'. अजिंठ्याच्या डोंगररांगेत, आमच्याच तालुक्यात, जाळीचा देव नावाचं ठिकाण आहे. चक्रधर स्वामी तिथे राहून गेले अशी श्रद्धा. लहानपणी आजीबरोबर मी तिथे कितीदा गेलो असेन, मोजलं नाही. पण पंथाचा इतिहास काय, हे विचारायचं कधी सुचलं नाही. आम्ही आपले प्रसादापुरते भाविक.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीत घरी होतो. मोबाईलवर एका जुन्या पोथीच्या पानाचा फोटो बघत होतो. आजी शेजारी येऊन बसली.

"काय बघायलास रं?"

"पोथी आहे आजी. तुमच्याच पंथाची."

"मंग वाच की मोठ्यानं."

वाचता येईना. अक्षरं ओळखीची वाटत होती, पण शब्द काही बनत नव्हता. "हे मराठीच आहे, पण वाचता येत नाही," असं म्हणालो तेव्हा ती माझ्याकडे अशी बघायला लागली की बीटेक करून या पोरानं केलं काय!

ते पान सकळ लिपीतलं होतं. म्हणजे सांकेतिक लिपी. आमच्या भाषेत सांगायचं तर एन्क्रिप्टेड.

आता थोडं मागे जाऊ. तेरावं शतक. देवगिरीला यादव: आधी कृष्ण, मग महादेव, मग १२७१ पासून रामदेवराव. महादेव आणि रामदेव यांच्या दरबारात हेमाद्री पंडित, ज्याला आपण हेमाडपंत म्हणतो. त्याचा मोठा ग्रंथ 'चतुर्वर्गचिंतामणि'. व्रतं, दानं, श्राद्धं कशी करायची याचं प्रचंड संकलन, आणि सगळं संस्कृतात. म्हणजे धर्म जाणून घ्यायचा तर आधी संस्कृत हवं, आणि संस्कृत शिकायचं तर योग्य घरात आणि पुरुष म्हणून जन्म हवा.

त्याच काळात त्याच मुलखात चक्रधर स्वामी पायी फिरत होते. परंपरेनुसार मूळचे गुजरातमधल्या भडोचचे. त्यांचे गुरू ऋद्धिपूरचे गोविंदप्रभू. म्हणजे मातृभाषा गुजराती असलेला माणूस, पण बोलले मराठीत, आणि अनुयायांना सांगितलं की महाराष्ट्रातच राहा. त्यांच्याभोवती जमलेल्यांत बायका बऱ्याच. महदाइसा तर आद्य मराठी कवयित्री मानली जाते. विटाळाबद्दल स्वामींनी सांगितलं ते आजही काही घरांत पचणार नाही: नाकातून शेंबूड येतो तसाच तो देहाचा एक स्राव, त्यात अपवित्र काही नाही. सातशे-साडेसातशे वर्षांपूर्वी!

स्वामी गेल्यावर नागदेवाचार्य म्हणजे भटोबास प्रमुख झाले. आणि म्हाइंभट नावाच्या पंडितानं एक काम हाती घेतलं. ज्यांनी स्वामींना पाहिलं, ऐकलं, त्या प्रत्येकाकडे जाऊन आठवणी गोळा करायच्या. त्यातून १२७८ च्या सुमारास 'लीळाचरित्र' तयार झालं. मराठीतला पहिला मोठा गद्य ग्रंथ. म्हणजे ज्ञानेश्वरीच्याही साधारण बारा वर्षं आधीचा. अरबी जगात नवव्या शतकात इमाम बुखारी आणि इतरांनी पैगंबरांच्या हदीस अशाच गोळा केल्या होत्या: कोणी सांगितलं, त्यानं कोणाकडून ऐकलं, याची साखळी तपासत. म्हाइंभटाला त्याची माहिती असायचं कारण नाही. पण गुरू गेल्यावर आठवण कशी टिकवायची हा प्रश्न दोघांचा एकच, आणि उत्तरही जवळचंच: साक्षीदार शोधा.

आता भटोबासांची गोष्ट. 'स्मृतिस्थळ' या ग्रंथात ती आली आहे. केशोबास हे पंथातले मोठे विद्वान, संस्कृतावर जबरदस्त पकड. स्वामींची वचनं संस्कृतात आणायचं त्यांच्या मनात आलं. भटोबासांनी थांबवलं. कारण काय दिलं? तसं केलंत तर माझ्या म्हाताऱ्या वंचित राहतील. पंथातल्या त्या अक्षरओळख नसलेल्या बायकांचं काय, एवढाच त्यांचा प्रश्न.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. 'हे नेमकं कोणासाठी बनवतोय?' यावर तास-तासभर मीटिंगा होतात. भटोबासांनी तो प्रश्न एका वाक्यात संपवला. साधारण त्याच सुमारास इटलीत दांते हेच मांडत होता की लॅटिन सोडून लोकांच्या बोलीत मोठं साहित्य होऊ शकतं. पण दांतेसमोर कवी होते. भटोबासांसमोर म्हाताऱ्या होत्या.

आणि म्हाताऱ्यांनी ते फेडलंही. खलजींच्या स्वाऱ्यांच्या धामधुमीत लीळाचरित्राची मूळ प्रत हरवली असं परंपरा सांगते. मग ज्यांना लीळा पाठ होत्या त्यांच्याकडून ग्रंथ परत उभा केला गेला. म्हणून आज त्याचे वेगवेगळे पाठ आहेत. त्यातला एक हिराइसा नावाच्या स्त्रीच्या नावानं ओळखला जातो. सर्व्हर गेला, बॅकअप माणसांच्या डोक्यात होता. ग्रंथ संस्कृतात असता तर तो बॅकअप किती डोक्यांत असता?

इथपर्यंत गोष्ट सरळ आहे. पण चौदाव्या शतकात हाच पंथ आपले ग्रंथ सांकेतिक लिपीत लिहायला लागला. सकळ लिपीचं श्रेय रवळोव्यासांना देतात. पुढे सुंदरी लिपी, अंकलिपी अशा आणखीही आल्या. कारणं वेगवेगळी सांगतात: परकी सत्ता, विरोधकांचा त्रास, पवित्र वचनं भलत्याच्या हाती पडू नयेत ही काळजी. तिन्हींत तथ्य असावं.

तंत्र साधं आहे. समजा आपण ठरवलं की 'क' च्या जागी 'म' लिहायचं, 'ल' च्या जागी 'ट', आणि ज्याच्याकडे तक्ता आहे त्यालाच ते वाचता येईल. याला सब्स्टिट्यूशन सायफर म्हणतात. गंमत बघा, हे फोडायची रीत बगदादच्या अल-किंदीनं नवव्या शतकातच लिहून ठेवली होती: कोणतं अक्षर किती वेळा येतं ते मोजा, आणि भाषेत जास्त येणाऱ्या अक्षरांशी जुळवा. म्हणजे गणिताच्या हिशेबानं हे कुलूप तयार होण्याआधीच तुटलेलं होतं. तरी ते पाचशेहून जास्त वर्षं टिकलं! कारण किल्ली गुरूकडून शिष्याकडे जायची, पोथ्या मठाबाहेर जात नव्हत्या, आणि फोडायला मुद्दाम कोणी बसलंच नाही. पंथ पंजाबात गेला, तिथे 'जयकृष्णी' म्हणून ओळखला जाऊ लागला. पार पेशावर-काबूलपर्यंत मठ झाले. तिकडचे साधूही मराठी शिकत, पोथ्या मराठीतच ठेवत. १९१० च्या सुमारास इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी लिपी उलगडली, १९३० च्या दशकात ह. ना. नेने यांनी लीळाचरित्र छापलं, आणि मग मराठी वाङ्मयाचा इतिहास नव्यानं लिहावा लागला.

या कुलपानं काय दिलं? ग्रंथ वाचवले, त्यात बाहेरच्यांची भेसळ फार होऊ दिली नाही. हे खरं आहे आणि छोटं नाही.

पण किंमतही मोजावी लागली. लपवलेल्या गोष्टीबद्दल लोक वाटेल ते बोलतात. आपण आजही दांभिक, वरवर साळसूद माणसाला 'मानभावी' म्हणतो. तो शब्द महानुभाव या नावावरूनच आला. माझ्या आजीच्या पंथाचं नाव भाषेनं शिवी करून ठेवलं, आणि उत्तर म्हणून दाखवायचे ग्रंथ कुलपात होते. दुसरं म्हणजे, मराठीत बोलून ज्ञान सगळ्यांचं करणाऱ्यांची पुस्तकं शतकानुशतकं बहुतेक मराठी माणसांना वाचता आली नाहीत. ज्या म्हातारीसाठी भटोबास अडून बसले, तिच्या आणि पोथीच्या मध्ये पुन्हा एक जाणकार येऊन बसला. आधी संस्कृत जाणणारा होता, आता तक्ता जाणणारा.

मी त्यांना दोष देत नाहीये. जीव आणि ग्रंथ धोक्यात असताना कुलूप लावणाऱ्याला, सातशे वर्षांनी एसीत बसून शहाणपण शिकवणं सोपं आहे. माझं म्हणणं एवढंच की कुलूप लावताना त्याची मुदत कोणी ठरवत नाही. धोका निघून जातो, कुलूप तसंच राहतं, आणि हळूहळू तेच पवित्र होऊन बसतं.

त्या दिवाळीनंतर मी वि. भि. कोलते यांनी संपादित केलेलं लीळाचरित्र मिळवलं, साध्या नागरीतलं. पुढच्या सुट्टीत आजीला रोज संध्याकाळी दोन-तीन लीळा वाचून दाखवल्या. मी शब्दाशब्दाला अडखळत होतो. तिला मात्र माझ्याहून जास्त कळत होतं. एका लीळेला मी अर्ध्यावर थांबलो तर पुढचं तिनंच सांगितलं.

"तुला कसं माहीत?"

"माझ्या आईनं सांगितल्यालं हाय. तिला कुठं वाचता यायचं!"

तर मंडळी, आज इथेच थांबतो. तुमच्या घरी असं कोणी सांगणारं असेल तर या सुट्टीत मोबाईलचा रेकॉर्डर चालू करून शेजारी बसा. पुढच्या भागात दौलताबाद: चौदाव्या शतकात इब्न बतूता तिथे येऊन काय काय बघून गेला ते. भेटू. दंडवत.