'गाठ' आणि 'गुंता' : मेंदूच्या एका दुहेरी विकाराच्या संज्ञांचा इतिहास

वैद्यकात संज्ञा ज्याप्रमाणे ज्ञान पुढे नेते, त्याचप्रमाणे कधीकधी ते अडवूनही धरते. मेंदूतील अर्बुद आणि रक्तवाहिन्यांची विकृत रचना एकाच रुग्णात आढळते, तेव्हा याचा विशेष प्रत्यय येतो. अर्बुद ही पेशींची अनिर्बंध वाढ होय. रोहिणी-नीला विकृती हा मधल्या केशवाहिन्यांच्या अभावी थेट जोडल्या गेलेल्या वाहिन्यांचा गुंता होय. शहाद्यानजीकच्या लोणखेड्यात काय किंवा मुंबईत काय, बोलभाषा दोहोंनाही 'गाठ' म्हणते. परंतु हा दोष केवळ बोलभाषेचा नव्हे.

सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानातील अकराव्या अध्यायात 'ग्रंथी' आणि 'अर्बुद' यांचा पृथक् विचार आहे. शिरांच्या जाळ्यापासून होणारा 'सिराज ग्रंथी' तेथे अर्बुदाहून निराळा मानला आहे. दोन अर्बुदे एकदम किंवा क्रमाने उद्भवल्यास 'द्विरर्बुद' ही संज्ञा दिली आहे. हे विवेचन मेंदूविषयी नाही, तेव्हा त्यात आधुनिक शोध पाहणे अनैतिहासिक ठरेल. तथापि भेद दर्शविणारी शब्दसंपत्ती आपल्या परंपरेत होती, एवढे निश्चित.

युरोपात एकोणिसाव्या शतकात फिर्खो यांच्या विवेचनातून 'अँजिओमा' ही संज्ञा रूढ झाली. तिच्यातील 'ओमा' हा ग्रीक प्रत्यय अर्बुदवाचक असल्यामुळे जन्मजात गुंताही अर्बुदांच्या पंक्तीस बसला. कुशिंग व बेली यांनी 1928 साली विकृती आणि रक्तवाहिन्यांची खरी अर्बुदे यांची फारकत केली. परंतु 1930 मध्ये रूसी व ओबेरलिंग यांनी 'अँजिओग्लिओमा'चे वर्णन केले आणि मिटलेला वाद पुन्हा उभा राहिला : दोन व्याधींचे हे सान्निध्य योगायोगाचे, समान मुळाचे, की एकीने दुसरीस जन्म दिल्याचे?

तिन्ही उत्तरांना आधार मिळाला. हिप्पेल यांनी 1904 मध्ये नेत्राच्या जालपटलातील आणि लिंडाउ यांनी 1926 मध्ये निमस्तिष्कातील ज्या वाहिनीमय वाढींचे विवेचन केले, त्या एकाच आनुवंशिक रोगाची अंगे ठरल्या. त्याचे जनुक 1993 साली सापडले. अर्बुद स्वतःच्या पोषणासाठी नव्या वाहिन्या निर्माण करविते, हा सिद्धांत फोकमन यांनी 1971 मध्ये मांडला. म्हणजे विकृत भासणाऱ्या कित्येक वाहिन्या वस्तुतः अर्बुदाचेच कार्य होत. जन्मजात गुंता आणि अर्बुद यांची खरी गाठभेट मात्र विरळ आहे.

मोनिझ यांनी 1927 साली मेंदूतील वाहिन्यांचे क्ष-किरणचित्र घेतल्यापासून गुंता जिवंत रुग्णात दिसू लागला. परंतु अर्बुदाचा निर्णय सूक्ष्मदर्शकाखालीच होतो. स्वातंत्र्योत्तर मुंबईत राम गिंडे व होमी दस्तूर यांनी मेंदूच्या शल्यचिकित्सेचा आणि दाराब दस्तूर यांनी मज्जाविकृतिविज्ञानाचा पाया घातल्यावर महाराष्ट्रातील रुग्णांस दोन्ही परीक्षा उपलब्ध होऊ लागल्या. दोहोंची आवश्यकता उघड आहे : रक्तस्रावाचे खापर गुंत्यावर फोडून थांबल्यास त्यामागील अर्बुद नजरेआड राहते.

मराठी परिभाषेपुढील प्रश्न म्हणूनच केवळ शब्दांचा नाही. 'गाठ' ऐकताच कुटुंबाच्या मनात कर्करोग उभा राहतो, आणि निव्वळ गुंता असलेल्या रुग्णासही मृत्यूचे भय ग्रासते. 'अर्बुद' आणि 'वाहिनी-विकृती' हे दोन शब्द काटेकोरपणे वेगळे राखणे हे म्हणूनच रुग्णाचे ऋण आहे.