माणूस आणि मेन्श

यिडिश भाषेत ‘मेन्श’ असा एक शब्द आहे. त्याचा अर्थ माणूस. पण ‘तो मेन्श आहे’ असं कुणाबद्दल म्हटलं, तर त्याच्या अंगी माणुसकी आहे, असं सांगायचं असतं. हा ‘मेन्श’ आणि आपला ‘माणूस’ एकाच भाषाकुळातले दूरचे भाऊबंद आहेत.

यिडिश ही मध्य आणि पूर्व युरोपातल्या ज्यूंची भाषा. सुमारे हजार वर्षांपूर्वी ऱ्हाईन नदीच्या खोऱ्यात ती आकाराला आली. तिची घडण जर्मन, लिपी मात्र हिब्रू. ‘श्लेप’ म्हणजे ओझं ओढत नेणं, हा शब्द जर्मनमधला. ‘मिश्पोखे’ म्हणजे गणगोत आणि ‘खुत्स्पे’ म्हणजे निलाजरेपणा, हे हिब्रूतले. आईबापांचा खून करायचा आणि ‘मी अनाथ आहे, दया करा’ म्हणून न्यायाधीशाला विनवायचं, याला खुत्स्पे म्हणतात, असा एक जुना विनोद आहे. आजोबांना म्हणायचं ‘झेय्दे’ आणि डोकं खाणारा तो ‘नुडनिक’, हे शब्द शेजारच्या स्लाव लोकांनी दिले.

या सरमिसळीला शिकलेल्यांनी ‘झार्गोन’ म्हणून हिणवलं. बोलणारे मात्र तिला ‘मामे-लोश्न’ म्हणत, म्हणजे आईची भाषा. मराठीत कविता लिहिणाऱ्या माझ्यासारख्या मुसलमानाला ‘तुमची मातृभाषा कोणती हो?’ असं अजूनही विचारलं जातं. म्हणून हा शब्द मला जवळचा वाटतो. आपल्या कोकणातले बेने इस्रायलीही ज्यूच. पण यिडिश त्यांच्या घरात कधी नव्हती. त्यांची मामे-लोश्न मराठी.

दुसऱ्या महायुद्धापूर्वी सुमारे १ कोटी १० लाख लोक यिडिश बोलत. नाझींनी मारलेल्या ६० लाख ज्यूंपैकी बहुतेकांची भाषा हीच होती. विल्ना शहरातल्या घेट्टोतून वाचलेले यिडिश कवी अव्रोम सुत्स्केव्हर २७ फेब्रुवारी १९४६ रोजी न्यूरेंबर्गच्या खटल्यात साक्षीला उभे राहिले. त्यांची आई आणि तान्हं मूल नाझींनी मारलं होतं. साक्ष यिडिशमध्ये द्यावी, अशी त्यांची इच्छा होती. पण न्यायालयाच्या भाषा चार: इंग्रजी, फ्रेंच, रशियन आणि जर्मन. आरोपींची भाषा त्यांत होती, मेलेल्यांची नव्हती. सुत्स्केव्हर रशियनमध्ये बोलले.

१९७८ मध्ये आयझॅक बाशेव्हिस सिंगर या यिडिश लेखकाला नोबेल पारितोषिक मिळालं. न्यूयॉर्क आणि जेरुसलेममधल्या कर्मठ ज्यू वस्त्यांत आजही मुलं यिडिश बोलतात. सुत्स्केव्हर २०१० मध्ये वारले. साक्ष परक्या भाषेत द्यावी लागली, पण कविता त्यांनी मामे-लोश्नमध्येच लिहिली.