आठवड्याच्या क्रमांकावरून तारीख काढताना

कारखान्यातील उत्पादन, पगारपत्रके, साथीच्या रोगांचे अहवाल अशा अनेक ठिकाणी नोंदी तारखेऐवजी आठवड्याच्या क्रमांकाने ठेवल्या जातात. '२०२५, पहिला आठवडा, सोमवार' ही नोंद आपल्याला स्पष्ट वाटते. संगणक मात्र तिचे दोन अर्थ लावू शकतो.

'आयएसओ ८६०१' हे आंतरराष्ट्रीय मानक १९८८ मध्ये प्रथम प्रसिद्ध झाले. त्यानुसार आठवडा सोमवारी सुरू होतो आणि वर्षातील पहिला गुरुवार ज्यात येतो, तो पहिला आठवडा ठरतो. वरील सोमवार म्हणूनच ३० डिसेंबर २०२४ होय. उलटपक्षी १ जानेवारी २०२१ हा शुक्रवार २०२० च्या ५३व्या आठवड्यात मोडतो. म्हणजेच 'आठवड्याचे वर्ष' हे दिनदर्शिकेच्या वर्षाहून वेगळे असते.

पायथन या संगणकीय भाषेतील मोठ्या 'डब्ल्यू'चे चिन्ह निराळा हिशेब करते. त्यात पहिल्या सोमवारपासून पहिला आठवडा सुरू होतो आणि त्याआधीचे दिवस शून्य क्रमांकाच्या आठवड्यात जातात. या हिशेबाने तीच नोंद ६ जानेवारी २०२५ ठरते. १ जानेवारी मंगळवार, बुधवार किंवा गुरुवारी आला, तरच हा सात दिवसांचा फरक पडतो. २०२१ ते २०२४ या चारही वर्षांत दोन्ही पद्धती जुळत होत्या. त्यामुळे त्या काळात तपासलेली आज्ञावली निर्दोष भासली, तरी २०२५ च्या नोंदी ती एक आठवडा पुढे ढकलते. आज्ञावली बंद पडत नसल्याने चूक ध्यानातही येत नाही. आठवड्याचा वार दिला नाही, तर पायथन क्रमांकाकडे दुर्लक्ष करून थेट १ जानेवारी ही तारीख देते.

दोन वर्षांची गल्लत किती महागात पडते, हे २९ डिसेंबर २०१४ रोजी दिसले. मानकानुसार तो २०१५ च्या पहिल्या आठवड्याचा सोमवार होता. ट्विटरच्या यंत्रणेने २०१५ साल उजाडल्याचे मानले आणि अँड्रॉइडवरील अनेकांना सेवेतून बाहेर पडावे लागले.

उपाय सोपा आहे. माहिती मानकानुसार असल्याची खात्री करून मोठा 'जी', मोठा 'व्ही' आणि लहान 'यू' ही चिन्हे एकत्र वापरावीत. ती अनुक्रमे आठवड्याचे वर्ष, क्रमांक आणि वार दर्शवतात. पायथनच्या ३.६ या आवृत्तीपासून, म्हणजे २०१६ पासून, तारीख वाचण्यासाठी ती उपलब्ध आहेत. 'व्ही'सोबत साधे वर्ष दिल्यास पायथन तारीख न देता चूक दाखवते. दुरुस्तीनंतर चाचणी मात्र डिसेंबरअखेरीच्या व जानेवारीच्या आरंभीच्या तारखांवर घ्यावी. वर्षाच्या मध्यावरची एखादीच तारीख त्यासाठी पुरेशी नाही.