‘ले-ऑफ’, ‘कपात’ आणि ‘राजीनामा’ : संगणक-उद्योगातील नोकरकपातीच्या परिभाषेचा पूर्वेतिहास

नोव्हेंबर २०२२ ते मार्च २०२३ या अवघ्या पाच महिन्यांत मेटा, अ‍ॅमेझॉन, मायक्रोसॉफ्ट आणि गूगलची मूळ कंपनी अल्फाबेट या चार अमेरिकन कंपन्यांनी जाहीर केलेल्या नोकरकपातीची बेरीज ७०,००० च्या घरात जाते. महामारीच्या काळात केलेली अफाट भरती आणि त्यानंतर चढलेले व्याजदर ही त्याची कारणे अर्थशास्त्रज्ञांनी पुरेशी चर्चिली आहेत. ज्या शब्दांत ही कपात जाहीर झाली त्या शब्दांकडे मात्र तितकेसे लक्ष गेलेले नाही. गूगलच्या निवेदनात १२,००० ‘भूमिका’ कमी होणार होत्या, अ‍ॅमेझॉनच्या निवेदनातही १८,००० ‘भूमिका’च. माणसे कमी होत आहेत असे म्हणण्याचे दोन्हीकडे टळले. मेटाच्या प्रमुखांनी तर २०२३ या वर्षाला ‘कार्यक्षमतेचे वर्ष’ असे नावच दिले.

‘कार्यक्षमता’ हा शब्द मुंबईच्या कामगार-इतिहासाला नवा नाही. १९२८ पूर्वी ससून समूहाच्या गिरण्यांत जी पद्धत आणली गेली तिचेही नाव ‘एफिशिअन्सी’ हेच होते. विणकराने दोन साच्यांऐवजी तीन साचे सांभाळावेत, कताई खात्यात एका बाजूऐवजी दोन बाजू पाहाव्यात, अशी ती योजना होती. तीन साच्यांवर एक माणूस, म्हणजे तिसऱ्या-चौथ्या घरातील कोणीतरी घरी बसणार, हा हिशेब परळ-लालबागच्या चाळीत कोणाला समजावून सांगावा लागला नाही. त्या वर्षी एप्रिल ते ऑक्टोबर सुमारे दीड लाख गिरणी कामगार संपावर होते, आणि मालकांची योजना व कामगारांच्या सतरा मागण्या शेवटी फॉसेट समितीपुढे गेल्या. मालकांचा शब्द उत्पादनाविषयी बोलत होता. कामगारांचे ‘कामावरून कमी करणे’, ‘घरी बसवणे’ हे प्रयोग माणसाविषयी बोलत होते. मराठी वाक्यात ‘मालकाने त्याला घरी बसवले’ असे म्हटले की कर्ता आणि कर्म दोन्ही उघड होतात. ‘नोकरकपात’ या समासात नोकर उरतो, कापणारा दिसत नाही. आणि ‘भूमिका कमी झाल्या’ या वाक्यात दोघेही नाहीत.

शासकीय परिभाषेचा प्रवासही याच दिशेचा. ‘रिट्रेंचमेंट’ हा शब्द मूळचा खर्चाच्या छाटणीचा. १९२२-२३ साली लॉर्ड इंचकेप यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेली इंडियन रिट्रेंचमेंट कमिटी सरकारी खर्चात काटकसर शोधण्यासाठी होती. तीस वर्षांनंतर, १९५३ च्या दुरुस्तीने १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात हाच शब्द आला तेव्हा त्याचे कर्म खर्च नव्हे, माणूस होते. कायद्याच्या व्याख्येप्रमाणे मालकाने ‘कोणत्याही कारणास्तव’ सेवा संपुष्टात आणणे म्हणजे रिट्रेंचमेंट. शिक्षा आणि स्वेच्छानिवृत्ती एवढे प्रमुख अपवाद. एक महिन्याची नोटीस आणि सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षास पंधरा दिवसांचे सरासरी वेतन, हे हक्क या एका शब्दाला बांधलेले होते.

शब्दाचा अर्थ किती माणसांच्या पोटाशी येतो हे लौकरच दिसले. बार्शी लाइट रेल्वे १९५४ च्या आरंभी सरकारने ताब्यात घेतली आणि कंपनीने आपल्या नोकरांच्या सेवा संपवल्या. १९५६ च्या नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की, चालू धंद्यातील जादा मजूर काढणे एवढाच रिट्रेंचमेंटचा अर्थ. धंदाच संपला तर ती रिट्रेंचमेंट नव्हे, म्हणून त्याखालील भरपाईही नाही. पुढच्याच वर्षी संसदेला धंदा बंद होणे व हस्तांतरित होणे यांसाठी वेगळी कलमे घालावी लागली. १९७६ मध्ये सुंदर मनी यांच्या खटल्यात त्याच न्यायालयाने ‘कोणत्याही कारणास्तव’ हे शब्द शब्दशः घ्यावेत असे ठरवले आणि १९९० मध्ये घटनापीठाने या व्यापक अर्थावर शिक्कामोर्तब केले. एका पदबंधाच्या अर्थनिश्चितीस चौतीस वर्षे लागली. शब्दार्थशास्त्राच्या अभ्यासकाला याहून जिवंत उदाहरण मिळणे कठीण.

‘ले-ऑफ’ची कथा याहून विपरीत आहे. १९५३ च्या कायद्यात कोळसा, वीज वा कच्चा माल नाही, माल पडून आहे, यंत्र बिघडले आहे, अशा कारणांनी ज्याला काम देता येत नाही, परंतु ज्याचे नाव हजेरीपटावर कायम आहे, त्याची स्थिती म्हणजे ले-ऑफ. त्या काळात निम्मे वेतन भरपाई म्हणून द्यावयाचे. गिरणगावात या शब्दात परत बोलावण्याची आशा होती. अमेरिकेतही मोटार-कारखान्यांत तो पूर्वी याच अर्थाने रूढ होता. २०२२ नंतर हिंजवडीत आणि मराठी वृत्तपत्रांत जो ‘ले-ऑफ’ बोलला जातो तो नव्या अमेरिकन अर्थाचा. हजेरीपटावर नाव राहणे तर दूरच, त्या दिवशी संगणकाचा प्रवेशसंकेतही बंद होतो. १९५५ आणि २०२५ च्या कागदपत्रांतील हा एकच शब्द एकत्र मोजणारा संशोधक फसणार हे उघड आहे.

भारतीय संगणक-उद्योगात यापुढची पायरी आढळते. २०२५ च्या जुलैत टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने सुमारे १२,००० कर्मचारी, म्हणजे एकूण संख्येच्या दोन टक्के, कमी होतील असे जाहीर केले तेव्हा ज्यांची नेमणूक शक्य नाही अशा सहकाऱ्यांना ‘मुक्त’ करण्याची भाषा होती. आपल्या कचेऱ्यांतील ‘कार्यमुक्त’ हा शब्द याचा सख्खा भाऊ. पण निदान ती कपात संख्येसह जाहीर झाली. २०१७ च्या जुलैत दुसऱ्या एका भारतीय कंपनीतील संभाषणाचे ध्वनिमुद्रण सर्वत्र पसरले. उद्या सकाळी दहापर्यंत राजीनामा द्या, अन्यथा काढले जाल, असे कर्मचाऱ्यास त्यात सांगितले जात होते. समूहाच्या अध्यक्षांनी जाहीर माफी मागितली. तथापि माफीहून महत्त्वाची गोष्ट कायद्याच्या त्या अपवादात आहे. स्वेच्छेने गेलेला कर्मचारी रिट्रेंचमेंटच्या व्याख्येत बसत नाही, मग भरपाई नाही आणि पुन्हा भरती झाल्यास अग्रक्रमाचा हक्कही नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेने जुन्या कायद्याची जागा घेतली, परंतु हा अपवाद तिच्यातही आहे.

अशा वेळी इतिहासलेखकाच्या हाती काय उरते? १९२८ च्या संपाची कागदपत्रे अभिलेखागारांत आहेत, फॉसेट समितीचा अहवाल आहे. दबावाखाली लिहिलेल्या राजीनाम्यावर मात्र काढणाऱ्याचे नाव नसते. त्यावर तारीख असते, कर्मचाऱ्याची सही असते, आणि कारणाच्या जागी बहुधा ‘वैयक्तिक’ एवढाच एक शब्द.